धुतलेला नकाशा

बाबूजी रस्त्यानं चालले की दर चार पावलांनी उजवी टाच जोरात आपटायचे. मग मान वाकडी करून कान जमिनीकडे न्यायचा, क्षणभर थांबायचं, अन् पुढं निघायचं. मागून सायकलवाला घंटी बडवत आला तरी हीच तऱ्हा. मी ऑफिसात नवीन लागले तेव्हा वाटलं, माणसाला वाताचा त्रास असेल. पाचव्या दिवशी त्यांनी माझी खुर्ची सरकवून तिच्याखालची फरशी तशीच ठोकली अन् म्हणाले, "बस आता. चांगली आहे."

मी म्हटलं, "बाबूजी, खुर्ची आधीही चांगलीच होती."

"खुर्चीचं कोण बोलून राहिलं?" असं म्हणून ते आपल्या टेबलाकडे गेले.

कोणतं ऑफिस ते मी सांगणार नाही. बुऱ्हाणपुरातलं, सरकारी, नकाशांचं, एवढं पुरे. बाबूजी तिथं मानचित्रकार होते, म्हणजे हातानं नकाशे काढणारे; जुन्या भरतीतले शेवटचे. मी कंत्राटावरची कॉम्प्युटर ऑपरेटर. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना बाबूजीच म्हणायचे. दोन्ही कानांवर दोन पेन्सिली, खिशात खोडरबर, अन् हातात पाण्याची बाटली. ती बाटली प्यायला नव्हती, बरं का. कुठं नवीन मुरूम टाकलेला दिसला की हे त्यावर घोटभर पाणी ओतायचे अन् ते किती वेळात मुरतं ते उकिडवे बसून बघायचे. येणारे-जाणारे हसायचे. मीसुद्धा हसायचे, खोटं कशाला बोलू.

लग्नाला गेले तर मांडवाच्या मधोमध कधी बसायचे नाहीत. भिंतीला चिकटून उभ्या उभ्या जेवायचे. एकदा दापोऱ्याला एका केळीवाल्याकडे लग्न होतं, तिथं मात्र हे पंगतीत ऐसपैस मांडी घालून बसले, दोनदा जिलबी मागून घेतली, अन् जेवण झाल्यावर केळीच्या बागेत जाऊन चक्क घोरले. परत येताना मी विचारलं, आज काय झालं होतं? म्हणाले, "इथं खाली भरीव माती आहे ना पोरी. बिनघोर झोपता येते." मला काही कळलं नाही.

आमच्या ऑफिससमोरच्या चहावाल्याला त्यांनी ठेला चार हात सरकवायला लावला होता. सहा महिने रोज भांडले त्याच्याशी. शेवटी तो बिचारा कंटाळून सरकला, अन् सगळ्यांना सांगत सुटला की बाबूजींवर कोणी करणी केली आहे.

एक शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एकदा मी स्क्रीनवर एक प्लॉट दाखवून सहज म्हटलं, "इथं काही नाही, कोरं सोडू?" त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर अशी आपटली की टोक उडालं. "काही नाही म्हणू नको! मले दिसत नाही, असं म्हण." एवढ्याशा गोष्टीवर कोण चिडतं? मी मनात म्हटलं, म्हातारा कामातून गेला.

आता बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं, की आमच्या शहराच्या पोटातून पाणी चालतं. मुघलांच्या काळात डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी भुयारातून शहरापर्यंत आणलं होतं. भुयारात हवा-उजेड जावा म्हणून वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी खोल तोंडं ठेवली. त्यांना आम्ही कुंडी म्हणतो. काही नहरी, म्हणजे ही पाण्याची भुयारं, अजून वाहतात, लोक बघायला येतात. काही केव्हाच आटल्या. त्यांच्या कुंड्यांवर कोणी फरशी टाकली, कोणी लाकडं टाकून माती लोटली, त्यावर गवत आलं अन् गवतावर शहर आलं.

मग तो हुकूम आला. ऑफिसात जेवढे नकाशे आहेत तेवढे सगळे कॉम्प्युटरवर चढवायचे अन् सगळ्यांसाठी खुले करायचे. कोणीही बघावेत, उतरवून घ्यावेत, अन् लोकांनी आपापल्या मोहल्ल्यातली माहिती त्यात भरावी. मला काय आनंद झाला म्हणता! चार वर्षं नुसती दाखले छापत होते, आता कुठं कामाचं काम हाती आलं. बाबूजींनी मात्र कपाटाची किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात घातली अन् तीन दिवस रजेवर गेले. आले ते तोंड उतरवून.

"नकाशा कपाटात आहे तोवर चुकला तरी झोपून राहते," मला म्हणाले. "बाहेर गेला की लोक त्याच्यावर घर बांधतात."

"तुमचे नकाशे कधी चुकतात का बाबूजी?" मी मस्का लावला. ते खिशातली किल्ली चाचपत उठून गेले. साहेबांनी लेखी मागितल्यावर त्यांनी किल्ली दिली, अन् मी पंधरा दिवसांत सगळी शीटं स्कॅन करून चढवली. जुन्या नहरीचं शीट त्यांच्याच हातचं होतं. काय अक्षर, काय रेघा! बघत राहावं असं.

त्यानंतरचे दोन-तीन महिने फार मजेचे गेले. कॉलेजातली पोरं-पोरी दर रविवारी फोन घेऊन गल्लीबोळात फिरायची अन् हातपंप, विहिरी, शाळा, दवाखाने असं काय काय नकाशात टाकायची. आमची गल्ली नदीकाठची, घाटाच्या अगदी वर. आतापर्यंत कुठल्याच नकाशात तिला नाव नव्हतं. माझी आई हातपंपाला धरून उभी राहिली अन् त्या पोरींना म्हणाली, "माझं घर बी टाक ना वं." त्यांनी टाकलं. आईनं मला दहा वेळा तरी फोनवर ते उघडून दाखवायला लावलं असेल.

मग पोरं म्हणाली, तापीला पूर आला तर गल्लीनं कुठं जमायचं, ते पण ठरवून टाकू. सगळ्यांनी मिळून जुन्या जिनिंगच्या मागचं मैदान निवडलं. उंचावर, मोकळं, गाडी जाईल एवढा रस्ता. एकानं शंका काढली, तिथं खाली नहर-बिहर तर नाही? मी छाती काढून फोनवर आमचा नकाशा उघडला. नहरीची रेघ मैदानाच्या कितीतरी अलीकडे संपत होती. पुढं सगळं पांढरं. "तिथं काही नाही," मी म्हटलं. मीच म्हटलं.

सोमवारी मी ही बातमी बाबूजींना मोठ्या कौतुकानं सांगितली. त्यांच्या हातातला चहा शर्टावर सांडला. पुसलासुद्धा नाही. मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले, मोडक्या कपाटांच्या आड, अन् खालच्या आवाजात म्हणाले, "ती रेघ तिथं संपत नाही पोरी. मी संपवली आहे."

"म्हणजे काय?"

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. नोकरीला लागले तेव्हा त्यांना इंग्रजांच्या वेळचं एक कापडी शीट उतरवून काढायला दिलं होतं. त्या काळी नकाशे खळ लावलेल्या कापडावर काढत. त्यांना शिकवणारे उस्ताद सांगायचे, ज्या कुंडीत पाणी नाही ती मेली, अन् मेलेल्याचं नाव कोणी रेशन कार्डावर ठेवतं का? म्हणून नव्या शीटावर फक्त जित्या कुंड्या काढायच्या, मेलेल्या सोडून द्यायच्या. तपासणी तोंडावर होती, काम लवकर उरकलं, साहेबांनी पाठ थोपटली.

"पण जुनं कापड असेल ना कुठं? त्यावरून बघू," मी म्हटलं.

बाबूजींनी मान खाली घातली. "ऑफिसात रिवाज होता. नवीन शीट झालं की जुनं कापड घरी न्यायचं. सगळेच नेत होते. माझा पोरगा तेव्हा सव्वा महिन्याचा होता. बाईनं पातेल्यात सोडा टाकून उकळलं. खळ निघाली, शाई निघाली, खाली उरली अस्सल मलमल. दोन झबली झाली, उरल्याचे रुमाल झाले." मग म्हणाले, "एक झबलं अजून ट्रंकेत आहे. कितीदा उन्हात धरून पाह्यलं मी. काही दिसत नाही."

मला हसूही येईना अन् रडूही येईना. अख्खी नहर या माणसानं लेकराच्या अंगावर घातली होती.

"अन् मैदानात?"

"तिथं एक आहे. ती मले पक्की आठवते."

"मग साहेबांना सांगा ना! आत्ताच्या आत्ता!"

"चार महिने राहिले रिटायर व्हायले. चौकशी लागली की पेन्शन अडकते. बाईचं डायलिसिस चालू आहे, तुले माहीत आहे." अन् मग एकदम लहान पोरासारखं म्हणाले, "मले लय भेव वाटते पोरी. चाळीस वर्षं झाली, रोज वाटते."

मी त्यांना खूप बोलले. म्हातारा माणूस, नको ते बोलले. पण खरं सांगते, साहेबांच्या केबिनकडे माझेही पाय वळले नाहीत. महिन्याभरात माझं कंत्राट नवीन व्हायचं होतं. नकाशा मी चढवला होता, मैदान मी दाखवलं होतं. आम्ही दोघांनी व्हरांड्यात उभं राहून ठरवलं, की यंदा पूर येणार नाही. इतकी वर्षं कुठं आला मोठा? नाहीच येणार. त्या दिवसापासून मी रोज सकाळी घाटाच्या पायऱ्या मोजायला लागले. पाण्याबाहेर किती उरल्या तेवढंच बघायचं अन् ऑफिसला जायचं. जेवण जात नव्हतं. आई विचारायची, काय झालं वं, तर तिच्यावरच खेकसायचे.

श्रावण गेला, भादवा लागला. वर बैतूलकडे तीन दिवस पाऊस कोसळला अन् आमच्याकडे नुसतं ढगाळ होतं. चौथ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. आई होती, अगदी खुशीत. "आम्ही पोचलो बरं का मैदानात. भोंगेवाली गाडी आली होती, म्हणे नकाशात आहे तिथं चला. कोरडं ठणठणीत आहे इथं. गल्लीतले सगळे आहेत. पाण्याचा टँकर बी येऊन राहिला."

"आई, तिथून निघ. सगळ्यांना घेऊन निघ."

"काहून? नदी तर इकडं आहे ना?"

मी बाबूजींकडे पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही. जन्मात कोणाच्या गाडीवर न बसलेला माणूस माझ्या स्कूटीवर मागं बसला. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती अन् ते सारखं एकच पुटपुटत होते, "टँकर नको, टँकर नको."

मैदानात दीडशे-दोनशे माणसं होती. बोचकी, शेळ्या, गॅसच्या टाक्या, पाळण्यासकट उचलून आणलेली लेकरं. टँकर फाटकातून आत वळत होता. बाबूजी उतरले, दोन पावलं पळाले, अन् तिथंच थांबले. चारी दिशांना बघायला लागले. मी ओरडले, "कुठं आहे?"

"इथं कडुनिंब होता," ते म्हणाले. "कडुनिंबापासून बेचाळीस पावलं. कडुनिंब कुठं आहे?"

कडुनिंब नव्हता. जिनिंगची भिंतसुद्धा नवीन होती. त्या क्षणाला मला जी भीती वाटली तशी ना आधी वाटली, ना नंतर. ज्याला एकट्याला जागा माहीत होती, त्यालाच ती सापडत नव्हती, अन् माझी आई समोर बोचक्यावर बसून मला हात हलवत होती.

बाबूजी सरळ टँकरपुढं आडवे झाले. मातीत, शर्टासकट. ड्रायव्हरनं त्यांच्या सात पिढ्या काढल्या. लोक गोळा झाले, पोरं फोन काढून उभी राहिली. तेवढ्यात पुराच्या ड्युटीवर फिरणाऱ्या आमच्या साहेबांची जीप आली. "ये क्या तमाशा है?" साहेब उतरताच गरजले. "उठाओ इनको." दोघं जण बाबूजींना काखेत धरून उचलायला लागले.

तेव्हा माझं तोंड फुटलं. "नकाशा चुकला आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की शेळ्या बुजल्या. "इथं खाली कुंडी आहे! नकाशात नाही, पण आहे. नकाशा मी टाकला. आम्हाला माहीत होतं!"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. आईसुद्धा. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

"कहाँ है? दिखाओ," साहेब म्हणाले.

बाबूजींनी चपला काढल्या. साहेबांनी हात वर केला तशी माणसं गप्प झाली. हा माणूस अनवाणी चालायला लागला, चार पावलं अन् टाच, चार पावलं अन् टाच. आता कोणी हसत नव्हतं. लोक बायका-लेकरांना ओढून बाजूला घेत होते, पण बाजूला म्हणजे कुठं, ते कोणालाच कळत नव्हतं. एका जागी ते थांबले. परत टाच मारली. मग खाली बसून तळहात टेकवला. माझ्या आईच्या बोचक्यापासून दहा हातही नसेल ती जागा.

"इथं."

एका मजुरानं पहार आणली. बाबूजींनी त्याच्या कमरेला दोर बांधायला लावला, दोराचं दुसरं टोक चौघांच्या हाती दिलं. पहिला घाव, माती. दुसरा घाव, माती. तिसऱ्या घावाला पहार त्याच्या हातातून निसटली अन् जमिनीत गेली. पूर्ण गेली. एवढी मोठी लोखंडी पहार, दिसेनाशीच झाली. आम्ही सगळे कान लावून उभे होतो. आवाज यायला वेळ लागला. आला तेव्हा फार खालून आला.

बायका किंचाळल्या नाहीत, काही नाही. सगळी माणसं एकेक पाऊल जपून टाकत मागं सरकली. आईनं बोचकं तिथंच सोडलं. टँकर फाटकाबाहेर गेला, लोकांना पलीकडच्या शाळेत हलवलं, अन् संध्याकाळपर्यंत पाणी आमच्या गल्लीत कमरेइतकं चढलं. माणूस एकही दगावला नाही.

मैदान रिकामं झाल्यावर साहेब बाबूजींजवळ आले. आवाज आता खाली आला होता. "ऐसे और कितने हैं?"

"सतरा होत्या त्या शीटावर," बाबूजी म्हणाले. "मले नऊ आठवतात."

"बाकी आठ?"

बाबूजींनी मातीनं भरलेले दोन्ही हात बघितले. "धुवून टाकल्या साहेब."

चौकशी लागायची ती लागली. पेन्शन अडकायची ती अडकली. दोन वर्षांनी अर्धीमुर्धी सुटली. माझं कंत्राट मात्र वाढलं, कारण ते पोर्टल चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. आठवत होत्या त्या नऊ जागांवर आम्ही लाल ठिपके दिले, अन् खाली मी माझ्या मनानं लिहिलं की अजून आठ आहेत, कोणाला माहीत असतील तर सांगा. साहेबांनी ती ओळ काढायला लावली, लोक घाबरतील म्हणून. मी ती काढली अन् आठ दिवसांनी परत घातली. तीनदा झालं हे. शेवटी साहेबांनी नाद सोडला.

अन् लोकांनी सांगितलं हो! एका आजीला आठवत होतं, तिचा बाप कुठल्या खड्ड्यात चुलीतली राख फेकायचा ते. एका बोअरिंगवाल्यानं कबूल केलं, की एका जागी त्याची मशीन भसकन आत गेली होती अन् त्यानं गुपचूप बुजवून टाकलं होतं. अशा तीन सापडल्या. मी प्रत्येक वेळी बाबूजींच्या घरी जाऊन सांगायचे. त्यांना फार नवल वाटायचं. "लोकांले आठवते पोरी! मले वाटलं होतं, मीच एकटा आहे."

पाच उरल्या.

ते गेले त्याच्या आठ दिवस आधी मी भेटायला गेले होते. दुपारचे तीन वाजले असतील. खाटेवर पडून होते, बोलणं कमी झालं होतं, हात मात्र चादरीवर फिरत होता. आधी वाटलं, असंच. मग लक्षात आलं, ते नखानं रेघ ओढताहेत. मी फोनवर नकाशा उघडून त्यांच्या बोटाशेजारी धरला. डोंगराच्या बाजूच्या लालबागेकडून रेघ निघाली, मैदानावरून गेली, जिनिंगला वळसा घालून खाली उतरली. आम्हाला माहीत होतं तिथपर्यंत आली, अन् थांबली नाही. पुढं गेली. मी श्वास धरून बोट बघत होते. एका ठिकाणी ते टेकलं.

"इथं एक होती," बाबूजी म्हणाले. "दगडाच्या तोंडाची. आता तिथं काही बांधलं का वं कोणी?"

मी फोनवर जागा मोठी करून पाहिली. कॉलेजच्या आमच्याच पोरांनी नकाशात टाकलेलं घर होतं. दोन खोल्या, पुढं पडवी.

"नाही बाबूजी," मी म्हटलं. "मोकळं आहे."

त्यांनी कितीतरी वेळानं श्वास सोडला अन् डोळे मिटले. त्यांच्या बायकोनं चहाचं विचारलं, मी नको म्हटलं. तिथून निघाले ती सरळ त्या पत्त्यावर गेले. दार उघडंच होतं. आत एक बाई पोळ्या लाटत होती अन् मागच्या खोलीतून लेकरांच्या उड्या मारण्याचा आवाज येत होता. माझ्याकडे बघून ती हसली, हात पुसत म्हणाली, "या ना ताई, आत या. कोण पाहिजे?"

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. म्हटलं, "नकाशाच्या ऑफिसातून आले. आधी लेकरांना हळूच बाहेर बोलवा. उड्या मारू नका म्हणावं, हळू चालत या."